सीटखालचा लाल ठिपका

मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. सोमा भोयेच्या जीपमध्ये, ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली माझं जवळजवळ सगळं आयुष्य गेलं. मित्रांनो, एक गोष्ट आधीच ऐकून ठेवा, म्हणजे पुढं तुम्ही मला खोटं पाडणार नाही. मी स्वतःहून काही बोलत नाही. एका वायरीतून माझ्याकडं बारीकसा आवाज येतो, मी तो मोठा करतो आणि दुसऱ्या वायरीतून स्पीकरकडं पाठवतो. आत काय आलं आणि बाहेर काय गेलं, हे माझ्याइतकं भरवशानं दुसरं कोणी सांगू शकत नाही. म्हणून मी सांगतो त्यावर विश्वास ठेवा. मला स्वतःला तो ठेवायला फार जड गेलं.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. त्या देशाचं नाव खोक्यावर छापलेलं होतं, पण खोकं फेकलं गेलं आणि माझं मूळ गावही त्याच्याबरोबर गेलं. अंगानं मी काळा, चपटा आणि चांगला जड. पाठीवर कंगव्यासारखे दाते, म्हणजे काम करताना गरम झालो तर वारा लागावा. पोटाशी एक छोटा स्क्रू. त्याला गेन म्हणतात. माझ्या सगळ्या अंगात नाजूक जागा कुठली, तर हीच, आणि जो येतो त्याला नेमकी तीच पिळायची असते.

नाशिकला द्वारकेच्या चौकाजवळ हर्षल नावाच्या माणसाचं गाड्यांना टेप-स्पीकर बसवण्याचं दुकान होतं. बाहेर ट्रकांचे हॉर्न इतके, की आत आवाज तपासायचा तर त्याला अर्धं शटर ओढून घ्यावं लागे. तिथं सोमानं मला घेतलं. सोमा पेठच्या बाजूचा. नाशिकच्या पेठ नाक्यावरून प्रवासी भरायचे, सावळ घाट चढून पेठला सोडायचे आणि तिकडून भरून परत यायचं, हा त्याचा धंदा. माणूस मनानं मऊ, पण सगळ्याची घाई.

"फुल करा ना भाऊ," तो हर्षलला म्हणाला. "घाटात इंजिनच लय बोंबलतं."

"सोमाभाऊ, गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही," हर्षल म्हणाला. "आवाज वर स्टिरिओला वाढवायचा. गेन म्हणजे समोरचा किती जोरानं बोलतोय, त्या मानानं यानं कान किती उघडायचा, एवढंच. कमी उघडला तर गाणं दबून जातं. जास्त उघडला तर कोणी बोललेलंच नाही, तेही ऐकू यायला लागतं."

तो हे हसत म्हणाला होता. त्याला खरखर म्हणायची होती.

मग त्यानं माझं माप घेतलं. आधी माझा स्क्रू पार मिटवला. स्टिरिओचा आवाज पाऊण हिश्शापर्यंत चढवला आणि शिट्टीसारखा एकसुरी नाद लावला. मग मला तो अगदी सावकाश उघडत गेला. नाद भरत गेला, भरत गेला आणि एका जागी किंचित फाटला. तिथून त्यानं मला जरासं मागं घेतलं आणि सोडून दिलं. एवढंच. पण मित्रांनो, मला त्या दिवशी जे सुख झालं ते सांगता येत नाही. आपल्याला जेवढं झेपतं तेवढंच कोणी मागावं, यासारखं दुसरं काय असतं.

हत्यारांच्या डब्यात हर्षल बहिणीकडून मागून आणलेली नेलपॉलिशची बाटली ठेवायचा. त्यातला एक लाल ठिपका त्यानं माझ्या स्क्रूवर टाकला, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा अंगावर. स्क्रू कोणी फिरवला तर ठिपका मोडणार. "हा मोडू नका," तो म्हणाला. सोमानं मान डोलावली.

पुढची बरीच वर्षं माझी चैनीची गेली. लग्नाची वऱ्हाडं, बाजाराच्या पाट्या, शाळा सुटून गावी निघालेली पोरं, सगळी माझ्या तालावर घाट चढली. "सोमाच्या गाडीचा आवाज म्हणजे आवाज," असं नाक्यावर बोललं जाई आणि मी सीटखाली फुगून बसे. माझं कौतुक न करणारा एकच प्रवासी होता. सोमाचा बाप हिरामण.

हिरामणबाबा थाळी लावायचा. तुमच्यातल्या पुष्कळांनी थाळी पाहिली नसेल. जेवायची नव्हे. काशाच्या थाळीत मधोमध मेणानं एक लांब काडी उभी करतात आणि दोन्ही हातांची बोटं त्या काडीवरून वरून खाली ओढत राहतात. थाळी घुमायला लागते. तो सूर कुठं सुरू झाला आणि कुठं थांबला हे कळत नाही. त्या घुमण्यावर बाबा कथा सांगायचा, कणसरी देवीची, धान्याची, डोंगरांची. शेजारी सोमाची आई चिमणाबाई बसायची आणि प्रत्येक ओळीला "हां" म्हणायची. तिच्या "हां"शिवाय बाबाची पुढची ओळ निघत नसे. लग्न झाल्यापासून ती हे करत आली होती.

कुठल्या पाड्यावर कोणी वारलं की दिवसाला, म्हणजे उत्तरकार्याला, बाबाला बोलावणं येई. मग धोतरात गुंडाळलेली थाळी मांडीवर घेऊन तो माझ्याच सीटवर बसायचा. सोमाचं गाणं जोरात चाललेलं असे. एकदा बाबानं टाचेनं मला हलकेच ढोसलं आणि म्हणाला, "ह्ये खोकं लय हुशार हाय. पर ह्याला गप बसता येत नाय."

मला राग आला होता. आता येत नाही.

बाबाचं वय झालं तसं सोमाला वाटायला लागलं, की हे सगळं कुठंतरी धरून ठेवावं. एका दुपारी त्यानं जीप घराच्या मागं उभी केली, काचा वर केल्या आणि मोबाइल स्टिरिओच्या वरच्या फळीवर ठेवून रेकॉर्डिंग लावलं. बाबा पुढच्या सीटवर, चिमणाबाई मागं. मी बंद होतो, पण जागा होतो. थाळी घुमायला लागली आणि माझ्या पत्र्यातही बारीक कंप आला. बाबा फार हळू म्हणत होता.

"बा, जरा मोठ्यानं," सोमा म्हणाला.

"थाळी मोठ्यानं लावायची नसती. ज्याला आयकायचं त्यानं जवळ यावं."

कथा बराच वेळ चालली आणि मग एका जागी बाबा थांबला. चिमणाबाई काही न विचारता दार उघडून चुलीकडं निघून गेली. सोमाला कळेना.

"पुढचं?"

"पुढचं गेलेल्याच्या दिवसालाच म्हणायचं. जितं घर असताना नाय." मग बाबानं पोराला समजावून सांगितलं. शेवटच्या भागात गेलेल्या माणसाला वाट सांगतात. ओहळ कुठं, झाड कुठं, कुठं बसायचं नाही. वाघदेवाच्या शिवेपर्यंत जिते लोक बोलण्यानं त्याच्या सोबत जातात, आणि तिथं त्याला सांगून माघारी फिरतात. "आन त्या भागाला जित्यानं हां द्यायचं नाय. हां दिलं की त्याची वाट ती आपली व्हती."

सोमा उतरला. बाबाची बोटं अजून काडीवर होती, थाळी घुमत होती, आणि तो खाली वाकून काहीतरी पुटपुटला. त्या घुमण्यात ते मलाही कळलं नाही. मग तोही उतरला. मोबाइल तसाच फळीवर राहिला आणि रिकाम्या जीपचा आवाज भरत राहिला, सोमाला आठवण होईपर्यंत. त्या वेळात जीपमध्ये मी एकटा होतो. दुसरं कोणी नव्हतं. मित्रांनो, हे विसरू नका.

पुढच्या पावसाळ्यात, भाताची लावणी आटोपल्यावर, हिरामणबाबा झोपेतच गेला. रडारड झाली, माती झाली, आणि दिवसाची तयारी सुरू झाल्यावर खरी अडचण पुढं आली. थाळी लावणार कोण? शेजारच्या पाड्यावर मोतीराम होता, पण त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. हातही गेला आणि जीभही जड झाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मेलेल्यांना वाट सांगणारा आपला बाप स्वतः विनावाटेचा राहणार, हे सोमाच्या मनाला लागलं. तो कोणाशी बोलला नाही. जीपमध्ये येऊन बसला, मोबाइल वायरीनं स्टिरिओला जोडला आणि ते रेकॉर्डिंग लावलं. शेवटची वाट त्यात नसली तरी दिवसाला हेच लावायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

आवाज बारीक होता. मोबाइलचाच आवाज अर्ध्यावर होता, हे त्यानं पाहिलंच नाही. नाक्यावरच्या ड्रायव्हरांची एक जुनी समजूत आहे, की वरून वाढवलं तर स्पीकर फाटतो आणि खालून वाढवलं तर दम येतो. सोमानं सीटखाली हात घातला. नखानं लाल ठिपका खरवडला. आणि माझा स्क्रू शेवटापर्यंत पिळला.

माझा कान असा उघडल्यावर काय होतं ते सांगतो. आधी खरखर आली, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. मग इंजिनचा गुंगाट आला. त्यामागून बाबाचा आवाज आला, पण तो बाबाचा वाटेना. कडा फाटलेला, ओरडणारा. कथा त्या थांबण्याच्या जागी आली. सोमाचं उतरणं आलं. थाळी विरली, मग बाबाच्या बाजूच्या दाराचा आवाज. मग रिकामी जीप. नुसती खरखर.

आणि त्या खरखरीत कोणीतरी पुढचा भाग म्हणायला लागलं.

मी तुम्हाला सांगितलं आहे, की आत काय येतं हे मला कळतं. त्या वेळी माझ्या आत खरखरीशिवाय काही येत नव्हतं. मी चाचपून पाहिलं. शब्द नव्हते, सूर नव्हता. पण स्पीकरमधून बाहेर जात होते ते शब्द होते. 'ओहळ वलांड. मोहाच्या झाडाखाली बसू नको.' मला भीती वाटली. यंत्राला भीती वाटते का, असं कोणी विचारेल. मला वाटली.

सोमा रडला. मग हळूच म्हणाला, "हां."

त्यानंतर तो दररोज येऊन बसू लागला. प्रवासी भरणं बंद झालं. नाक्यावरून फोन आले की तो कापून टाकी. बाबाचं म्हणणं असलेला भाग तर तो ऐकेनासाच झाला, तो पुढं ढकलून थेट रिकाम्या जीपशी येई. दर वेळी वाट थोडी पुढं सरकायची. ओहळ झाला, झाड झालं, कातळ झाला. दर ओळीला सोमा "हां" म्हणायचा. माझी पाठ एवढी तापायची, की हात लावला तर चटका बसावा. मागच्या एका स्पीकरचा कागद फाटला. सोमाला त्याचं काही नव्हतं. त्याचे गाल बसले होते, आणि कधी कधी इंजिन बंद असतानाही तो गुंगाट चालूच असायचा. ते त्याच्या लक्षात येत नव्हतं. माझ्या येत होतं.

दिवस जवळ आला तशी चिमणाबाईला नाशिकहून कापड आणि वाणसामान आणायचं होतं. सकाळी उजेडात दोघं निघाली. ती माझ्या सीटवर बसली. सावळ घाटात धुकं उतरलेलं होतं, दहा पावलांवरचा दगड दिसत नव्हता. सोमानं सवयीनं हात पुढं केला आणि रेकॉर्डिंग लावलं.

"ह्ये काय?" चिमणाबाईनं विचारलं.

"बा हाय. आयक. पुढचं म्हणतो त्यो."

ती ऐकू लागली. मी पुन्हा चाचपलं, आत काही नव्हतं. बाहेर तो आवाज म्हणत होता, 'आता डावीकडं उतर. खाली पाणी हाय. उतर.'

"हां," सोमा म्हणाला.

घाटात डावीकडं दरी होती, मित्रांनो.

"सोमा, हां देऊ नको," चिमणाबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "ह्यो तुझा बा नाय."

"आवाज वळखीत नाय का तू?"

"तुझा बा सारा जल्म कोनावर वरडला नाय. ह्यो वरडतो."

सोमाचे हात स्टिअरिंगवर डावीकडं वळत होते. रस्त्याकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो समोरच्या धुक्यात कुणाकडे तरी बघत होता. चिमणाबाईनं खाली वाकून माझी स्टिरिओकडून येणारी पिन ओढून काढली. आता माझ्या आत यायला वायरसुद्धा उरली नव्हती. तरी स्पीकरमधून आवाज आला, 'उतर, उतर.' चाकाखाली खडी वाजली. तेव्हा तिनं दोन्ही हातांनी हँडब्रेक वर खेचला, जीप कठड्याच्या दगडाला घासून आडवी उभी राहिली आणि तिनं हात घालून किल्ली फिरवली. मी विझलो. धुक्यात नुसतं पाणी ठिबकत होतं.

स्टिअरिंगवरचे हात सोडून सोमा म्हणाला, "आये, मला रस्ता दिसत व्हता. चांगला रुंद."

तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग सीटखाली वाकून माझ्या अंगावरचा अर्धा उरलेला लाल ठिपका बोटानं चाचपला.

"ह्यो ठिपका ज्यानं लावला, त्याच्याकडं चल. हळू चालव. आन ह्येला जोडू नको."

हर्षलनं मला पाहिलं आणि स्क्रू कुठवर पिळलाय ते वाकून बघितलं. मग म्हणाला, "हे काय करून ठेवलंय सोमाभाऊ. पार जाळायचाच होता का?" चिमणाबाईनं त्याला रेकॉर्डिंगचं सांगितलं. घाटातलं सगळं नाही सांगितलं, पण आवाज येतो एवढं सांगितलं.

"मावशी, ती खरखर असते," हर्षल म्हणाला. "गेन फुल केला की पिन काढली तरी ती येतेच. त्यात याच्या अर्थिंगची वायर सैल झालीय, म्हणून गुंगाट. आणि माणूस दुःखात असला की खरखरीत ओळखीचा आवाज शोधतो. माझे वडील गेले तेव्हा मला मिक्सरमध्ये हाक ऐकू यायची."

तो मनापासून बोलत होता आणि त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. मीही तेच मानलं असतं. पण मी तिथं होतो.

त्यानं अर्धं शटर ओढलं. अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट केला, फाटका स्पीकर बदलला. मला पुन्हा पार मिटवलं. मोबाइलचा आवाज वर नेला, स्टिरिओ पाऊण हिश्शावर, आणि तोच एकसुरी नाद लावून मला सावकाश उघडत आणलं. फाटण्याच्या जागेपर्यंत, आणि तिथून जरासं मागं. सोमानं पिळलं होतं त्याच्या अर्ध्यावरही मी नव्हतो. मग बाटली काढून ठिपका टाकला.

"आता लावा तुमचं," तो म्हणाला.

थाळी घुमली. खरखर नव्हती, गुंगाट नव्हता, आणि हिरामणबाबा जीपमध्ये येऊन बसल्यासारखा हळू बोलू लागला. त्याचा श्वास ऐकू येत होता. बोटं काडीवरून घसरताना होणारी बारीक चिकट कुरकुर ऐकू येत होती. मागून चिमणाबाईचं "हां" येत होतं, प्रत्येक ओळीला. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून हर्षलनं शटर पूर्ण खाली घेतलं. तिघंही न सांगता स्पीकरकडं सरकली.

कथा थांबली. दार उघडल्याचा आवाज आला, चिमणाबाईचं जाणं. "पुढचं?" हा सोमाचा आवाज, बाबाचं समजावणं, सोमाचं उतरणं. थाळी अजून घुमत होती. आणि त्या घुमण्याखाली, एवढे दिवस जे फाटक्या आवाजानं झाकलं होतं, ते पुटपुटणं आता स्वच्छ ऐकू आलं.

"माझ्या टायमाला चिमणे, तूच म्हन. तुला समदं येतंय. हां मी देईन."

मग रिकामी जीप आली. या वेळी ती खरंच रिकामी होती. काहीही नव्हतं.

सोमा स्पीकरकडं बघत राहिला. ज्या आवाजाच्या मागं तो लागला होता तो पुसला गेला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. चिमणाबाईनं पदर तोंडावर धरला होता. "येडा म्हातारा," एवढंच ती म्हणाली. हर्षल उगाच हत्यारं आवरत राहिला.

दिवसाच्या सकाळी जीप अंगणात उभी केली होती, चारी दारं उघडी. माणसं जमली. सोमानं रेकॉर्डिंग लावलं. कोणी "मोठ्यानं लाव" म्हणालं, तेव्हा सोमाच म्हणाला, "जवळ या." लोक जवळ आले. मोतीरामलाही खाटेवरून उचलून आणलं होतं, तो डाव्या हाताची बोटं मांडीवर ओढत होता. बाबा सांगत गेला आणि आपल्या जागी थांबला.

"बंद कर आता," चिमणाबाई म्हणाली. "बंद म्हंजे बंद."

घाट तिच्या डोक्यातून गेला नव्हता. सोमानं रेकॉर्डिंग थांबवलं, किल्ली काढली, बॉनेट उघडलं आणि बॅटरीजवळचा माझा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला. मी गार पडत गेलो. आता मी म्हणजे एक पत्र्याचा तुकडा होतो.

चिमणाबाईनं थाळीला हात लावला नाही. थाळी जीपच्या पुढच्या सीटवर ठेवली, माझ्या वर, आणि स्वतः दारापाशी जमिनीवर बसून म्हणायला लागली. सुरुवातीला आवाज अडखळला. मग ओळी एकामागून एक येत गेल्या. ओहळ आला. झाड आलं, पण त्या खरखरीतलं नव्हतं, हे दुसरं झाड होतं, आंब्याचं, आणि तिथं बसायला सांगितलं होतं, दमला असशील म्हणून. सोमाच्या ओठावर सवयीनं हुंकार आला. तिनं नुसतं त्याच्याकडं पाहिलं आणि तो गप्प झाला. ओळ संपली की ती थांबायची. कोणी काही बोलत नव्हतं. तरी ती थांबायची, आणि मगच पुढची ओळ म्हणायची.

कारण तिला हां मिळत होतं.

फार हळू. मागच्या नव्या स्पीकरमधून. जवळ बसलेल्यांपैकी दोघाचौघांनी मान वळवली, मोतीरामनं बोटं थांबवली आणि डोळे मिटले. सोमाला स्पीकरच्या जाळीवरची धूळ हलताना दिसली. त्याचा हात खिशाकडं गेला. फ्यूज तिथंच होता.

मित्रांनो, माझ्या आत काही आलं नाही. माझ्याकडून बाहेर काही गेलं नाही. माझ्या वर ठेवलेली थाळी मात्र थरथरत होती आणि तिच्यामुळं माझा पत्राही. तो आवाज फाटका नव्हता. ओरडत नव्हता. मला त्याची भीती वाटली नाही.

वाट वाघदेवाच्या शिवेशी आली. चिमणाबाईनं थाळीकडं पाहिलं. मग म्हणाली, "हितवर आम्ही. आता आम्ही माघारी फिरतो."

"हां," तो म्हणाला. सरळ, समजूतदारपणे.

ती आणखी थोडा वेळ कान देऊन बसली. पुन्हा काही आलं नाही. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि भात वाढायला गेली.

ती जीप आता विकली गेली आहे. सोमानं नवी घेतली, तिच्यात नवी यंत्रं आहेत, आणि तो पुन्हा नाक्यावर प्रवासी भरतो. मला मात्र त्यानं दिलं नाही. घरातल्या फळीवर, धोतरात गुंडाळलेल्या थाळीशेजारी मी असतो. माझा लाल ठिपका अजून शाबूत आहे. माझ्यावर धूळ बसते, चिमणाबाई कधीतरी पुसते. मला आता गप्प बसता येतं.

तुमच्या गाडीत माझा कोणी भाऊबंद असेल तर जाणत्याकडून त्याचा गेन एकदा नीट लावून घ्या आणि पुन्हा त्याला हात लावू नका. आवाज कमी पडला तर काच लावा, इंजिन बंद करा, जवळ सरका. घरात कोणी हळू बोलणारं असेल तर त्याच्याही जवळ सरका, तो आहे तोवर. आणि जिथं कोणी काही बोललेलंच नाही, तिथं कान पिळून पिळून ऐकत बसू नका. ऐकणारा असला की बोलणारा येतो. त्या दिवशी घाटात कोण आलं होतं, हे मला आजही माहीत नाही.